दोघांची निवृत्ति



निवृत्ति हा शब्द आपल्या भाषेंत फार जुना व थोर आहे. संतांच्या घरचा तो शब्द. ज्ञानदेवांच्या वडील बंधूंचें तें नांव. परंतु पुढें तो सरकारी दप्तरांत गेला आणि त्याचा अर्थ लहान झाला. वयाचीं अठ्ठावन्न वर्षें पुरीं झालीं, कीं जन्ममहिन्याच्या शेवटच्या दिवशीं शिक्षक निवृत्त होतो. मी २०१६ सालच्या फेब्रुवारीअखेर असा निवृत्त झालों. शाल, श्रीफळ, फुलांचा हार आणि सहा भाषणें पदरांत पडलीं. प्रत्येक वक्त्यानें सांगितलें, "गुरुजी, आतां विश्रांति घ्या." मीं तें जरा फारच मनावर घेतलें.

दुसऱ्या दिवसापासून मी ओसरीवरच्या खुर्चींत बसूं लागलों. सकाळीं चहा, मग वर्तमानपत्र, मग पुन्हां चहा. शाळेंत असतांना घरांत काय चालतें तें मला रविवारींच दिसे. आतां तें रोज दिसूं लागलें; आणि मास्तरांची संवय अशी, कीं दिसेल त्यांत चूक शोधायची. आज वरण पातळ कां, दूध उतूं कां गेलें, भांडीं जेथल्या तेथें कां नाहींत! पंधरा दिवस पत्नीनें सारें ऐकून घेतलें. सोळाव्या दिवशीं चहाचा पांचवा पेला माझ्यापुढें ठेवून ती म्हणाली, "अहो, तुम्ही निवृत्त झालांत तें बरें झालें. पण मी कधीं व्हायचें, तें तुमच्या सरकारी कागदांत कोठें लिहिलें आहे का?"

अडतीस वर्षें मीं मुलांच्या प्रश्नांना उत्तरें दिलीं होतीं. या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. आज आपणांशीं बोलायचें आहे तें या प्रश्नाविषयीं, आणि आमच्या घरांत त्याचें जें थोडेंफार उत्तर हळूहळू सांपडत गेलें त्याविषयीं.

आपल्या शास्त्रकारांनीं या वयाचा विचार केला नव्हता असें नाहीं. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पांढरे झाले, नातवंडाचें तोंड पाहिलें, म्हणजे गृहस्थानें वनांत जावें; पत्नीला मुलांच्या स्वाधीन करावें किंवा बरोबर घेऊन जावें. दोन्ही मार्ग गृहस्थानेंच निवडायचे. पत्नीला काय आवडेल हें विचारण्याची सोय तेथें नाहीं. शिवाय आमच्या अंबाजोगाईभोंवतीं बालाघाटाच्या डोंगररांगा असल्या, तरी चैत्र-वैशाखांत तेथें झाडांपेक्षां दगडच अधिक दिसतात. तेव्हां वनांत जाणें आम्हांला जमलें नाहीं. वनच थोडेंसें आमच्या घरीं आलें, तें असें.

त्या वर्षींचा उन्हाळा बीड जिल्हा विसरणार नाहीं. मांजरा नदीवरचें धनेगांवचें धरण कोरडें पडलें होतें. लातूर शहराला एप्रिल महिन्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. आमच्या गांवालाही आधार त्याच धरणाचा. घरांतील पाण्याचा हिशेब पत्नीच्या हातीं होता, आणि तो कोणत्याही तपासनिसानें वाखाणावा इतका चोख होता. प्यायचें पाणी वेगळें, धुण्याचें वेगळें, तांदूळ धुतलेलें आणखी वेगळें. तुळस सोडली तर अंगणांतील सारीं झाडें वाळलीं. आणि अशा त्या वैशाखांत गच्चीच्या कठड्याच्या फटींत पिंपळाचें एक वीतभर रोप हिरवेंगार उभें होतें! पांखरानें टाकलेलें बीं, ना माती ना पाणी, पण तें डुलत होतें.

भिंतींत पिंपळ वाढूं दिला तर भिंत जाते. आणि पिंपळ तोडायला पत्नीची तयारी नव्हती. तांदळाच्या धुवणाचें तांब्याभर पाणी तिनें त्याला आपल्या हिशेबांतून काढून दिलें. मृगाचा पाऊस पडल्यावर मीं छिन्नीनें फट मोठी करून तें रोप मुळांसकट काढलें आणि एका फुटक्या माठाच्या बुडांत लावलें. पुढें मुलीकडे पुण्यास गेलों असतांना एका प्रदर्शनांत ताटाएवढ्या कुंड्यांत वड, पिंपळ, चिंच अशीं पुरीं वाढलेलीं झाडें पाहिलीं. त्यांना बोन्साय म्हणतात. आपल्याकडे कोणी वामनवृक्ष असेंही म्हणतात. मनांत आलें, आपल्या माठांतला पिंपळ या जातीचा कां होऊं नये?

बोन्साय हा शब्द जपानी. उथळ भांड्यांत लावलेलें झाड, एवढाच त्याचा सरळ अर्थ. ही विद्या चीनमधून जपानांत गेली. अमेरिकेंत वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानांत पाइन जातीचें असें एक झाड आहे; तें १६२५ सालापासून कुंडींत वाढत आहे. म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्मापूर्वीं पांच वर्षें कोणीतरी त्याची पहिली मशागत केली. हिरोशिमा येथील यामाकी नांवाच्या घराण्यानें तें पिढ्यान् पिढ्या राखलें. १९४५ सालच्या ऑगस्टांत त्या शहरावर अणुबाँब पडला, तेव्हां तें त्यांच्या बागेच्या भिंतीआड असल्यामुळें वांचलें. १९७६ सालीं त्या घराण्यानें तें झाड भेट म्हणून दिलें. आणि दिलें तें अमेरिकेलाच!

पुष्कळांना वाटतें कीं झाडाला उपाशी ठेवून खुरटें करणें म्हणजे बोन्साय. मलाही तसेंच वाटे. प्रत्यक्षांत हें झाड इतर झाडांहून अधिक काळजीनें पोसावें लागतें. बागेची चाळलेली माती, विटांचा बारीक चुरा आणि मुरलेलें खत हीं एकत्र करून उथळ कुंडींत घालायचीं. तळाला पाणी निचरून जाण्यासाठीं भोंकें ठेवायचीं. दर दोन वर्षांनीं पावसाळ्याच्या तोंडाला झाड बाहेर काढून वाढलेल्या मुळ्या छाटायच्या आणि त्याच मानानें वरच्या फांद्याही छाटायच्या. मुळ्या कापल्या आणि पालवी तशीच ठेवली, तर उरलेल्या मुळ्यांना तिची तहान भागवतां येत नाहीं. पाणी उन्हाळ्यांत दोन वेळां. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशीं पानें करपतात.

फांदीला वळण देण्यासाठीं तिच्याभोंवतीं तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार गुंडाळतात. फांदी त्या वळणावर स्थिरावली कीं तार काढावी लागते. न काढली तर फांदी जाड होत जाते, तार सालींत रुतते आणि तिचा वण वर्षानुवर्षें राहतो. मीं पहिल्यांदा तार लावली आणि काढायला विसरलों. पिंपळ जोरानें वाढणारा. दोन महिन्यांत तार आंत गेली. तो वण अजून आहे. तो दिसला कीं मला वर्गांतील एक मुलगा आठवतो. गणितांत कच्चा म्हणून मीं त्याला दोन वर्षें सर्वांच्या देखत फळ्यापाशीं उभें केलें. आज तो चांगला कर्तासवरता आहे. रस्त्यांत भेटला कीं वांकून नमस्कार करतो, पण माझ्याकडे मान वर करून बोलत नाहीं. वळण लावणें हें माझें कामच होतें. तार वेळेवर काढणें हेंही माझेंच काम होतें, हें मला पिंपळानें फार उशिरा शिकविलें.

असो. झाडांच्या नादानें माझा वेळ जाऊं लागला. एका पिंपळाचीं पांच झाडें झालीं. परंतु श्रोतेहो, पत्नीच्या प्रश्नाचें उत्तर अजून मिळालेंच नव्हतें. उलट ओसरीवरचा चहा आतां तिला गच्चीवर आणून द्यावा लागे! एके दिवशीं ती जिना चढून आली तेव्हां तिला लागलेली धाप मीं ऐकली आणि लाज वाटून विचारलें, "तुला काय करावेंसें वाटतें?" लग्नाला पस्तीस वर्षें होऊन गेलीं होतीं, आणि हा प्रश्न मीं प्रथमच विचारीत होतों. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "फुगडी खेळावीशी वाटते."

मी हंसलों. तें हंसणें चुकलें, हें तिच्या तोंडावरून मला तत्काळ कळलें.

आमच्या मराठवाड्यांत नागपंचमीचा सण लेकींचा. सासरच्या मुली माहेरीं येतात, लिंबाच्या नाहींतर चिंचेच्या फांदीला झोके बांधतात, आणि मग फेर, झिम्मा, फुगडी यांना ऊत येतो. माझी पत्नी तिच्या गांवांत फुगडीसाठीं नांवाजलेली होती. एका पंचमीला म्हणे तिनें एकामागून एक सात जणींना दमविलें होतें. हें मला पस्तीस वर्षांत ठाऊक नव्हतें. कारण मीं विचारलें नव्हतें.

आम्हीं दोघांनीं मिळून एक ठराव केला. सकाळचा नि दुपारचा चहा मीं करायचा. मंगळवारीं आणि शुक्रवारीं रात्रीचा स्वयंपाकही मींच करायचा. त्या दोन सायंकाळीं ती मोकळी. पहिल्या मंगळवारीं मीं केलेली खिचडी खालीं लागली आणि वर कच्ची राहिली. ती मुकाट्यानें जेवली. मीं पंधरा दिवस तिच्या वरणांत काढलेल्या चुका मला त्या रात्रीं एकेक करून आठवल्या.

शेजारच्या एका जुन्या वाड्याच्या चौकांत हळूहळू अकरा जणी जमूं लागल्या. सर्वांत लहान बेचाळीस वर्षांच्या, सर्वांत वडील अडुसष्ट वर्षांच्या. कोणाचे गुडघे धरलेले, कोणाचा रक्तदाब वाढलेला. पहिल्याच दिवशीं दोघींना घेरी आली. मग डॉक्टरांना विचारून त्यांनीं आपले नियम ठरविले. बसफुगडी वर्ज्य, कारण ती उकिडव्यानें खेळायची, आणि तें गुडघ्यांना सोसत नाहीं. उभी फुगडी दहा फेऱ्यांपर्यंत. झिम्मा आणि पिंगा मात्र दम असेल तोंवर.

मी एकदां त्या चौकाच्या दारांत उभा राहून फुगडी नीट पाहिली. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, पावलें जवळ आणतात, हातांची अढी घालून एकमेकींचे हात घट्ट धरतात, आणि अंग मागें झोकून गरगर फिरतात. यांतील मर्म मागें झुकण्यांत आहे. दोघी पुढें वांकून एकमेकींवर रेलल्या तर पायांत पाय अडकतात. एकीनेंच सारा भार घेतला तर दोघी पडतात. प्रत्येकीनें आपापल्या बाजूला झुकायचें. हात मात्र सोडायचे नाहींत. वर्गांत मीं वर्तुळाकार गति फळ्यावर खडूनें शिकविली होती. घरांत ती विद्या जाणणारी व्यक्ति आहे याचा पत्ता नव्हता.

एका सुट्टींत नात आली आणि तिनें आजीला मोबाईलवर हुला नांवाचा नाच दाखविला. पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांचा हा नाच. पाय संथ चालतात, कंबर लाटेसारखी हलते, आणि गाण्यांतील अर्थ हात सांगतात. १८३० सालीं काआहुमानू नांवाच्या राणीनें ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या प्रभावाखालीं हा नाच जाहीर रीतीनें करण्यास बंदी केली. तो खेड्यापाड्यांत लपूनछपून जगला. आणि १८८३ सालीं राजा कालाकाउआ यानें आपल्या राज्याभिषेकाच्या सोहळ्यांत तो पुन्हां सर्वांसमोर करविला. मीं ही हकीकत सांगितली तेव्हां पत्नी म्हणाली, "आमचें बरें होतें म्हणायचें. आमच्या फुगडीला कोणी बंदी केली नाहीं." मग क्षणभर थांबून म्हणाली, "आम्ही आपण होऊनच थांबलों."

हें 'आपण होऊन थांबणें' काय असतें तें आम्हांला पुढें चांगलेंच कळलें. या अकरा जणींत आमच्या पलीकडच्या घरांतील एक काकू आहेत. त्याच त्या अडुसष्ट वर्षांच्या. काका पूर्वींच वारलेले. झिम्म्याचीं जितकीं गाणीं काकूंना पाठ आहेत तितकीं दुसऱ्या कोणालाही नाहींत. खरें म्हणजे साऱ्याजणी शिकल्या त्यांच्याचकडून. २०१९ सालच्या श्रावणांत एका ओळखीच्या घरून मंगळागौरीच्या खेळांना बोलावणें आलें. मंगळागौर ही नवविवाहितेनें लग्नानंतरच्या पहिल्या पांच वर्षांत श्रावणांतील मंगळवारीं पूजायची. निरोप असा होता, कीं 'सुवासिनी तेवढ्या या.' काकूंनींच तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही जा गं सगळ्या. मी घरीं सरबत करून ठेवतें."

त्या रात्रीं पत्नीला झोंप लागली नाहीं. तिनें माझें मत विचारलें. मी शिकलेला, मुलांना समतेचे धडे दिलेला, पण तोंडांतून निघालें तें असें: "दुसऱ्याच्या घरचें मंगल कार्य आहे, उगाच वाद कशाला?" ती म्हणाली, "वाद कोण घालतें आहे? मी फक्त जाणार नाहीं."

दहा सुवासिनींपैकीं आठ जणी गेल्या नाहींत, दोघी गेल्या. त्या मंगळवारीं नऊ जणी आपल्या नेहमींच्या चौकांत खेळल्या, आणि झिम्म्याचें पहिलें गाणें काकूंनीं म्हटलें. गेलेल्या दोघींपैकीं एक कोजागिरीला परत आल्या. दुसऱ्या आजपर्यंत आलेल्या नाहींत. बाजारांत भेटल्या कीं प्रकृतीची चौकशी होते आणि दोघी आपापल्या वाटेनें जातात. पत्नीला याचें दुःख आहे. चांगल्या गोष्टीसाठींही मैत्रीची किंमत मोजावी लागते, आणि ती मोजतांना हात कांपतोच.

पुढें २०२२ सालच्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवानें विधवांच्या कपाळाचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें या रूढि बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारनेंही इतर गांवांना त्याचें अनुकरण करण्याविषयीं परिपत्रक काढलें. ही बातमी घरोघर बोलली गेली. त्या श्रावणांत त्याच घरच्या वडील जाऊबाई स्वतः काकूंकडे आल्या आणि म्हणाल्या, "काकू, तुम्हीही यायचें." काकू गेल्या. परत येतांना त्या रस्त्यांत कांहीं बोलल्या नाहींत, असें पत्नीनें सांगितलें. घराच्या पायरीवर मात्र त्यांनीं पत्नीचा हात धरला आणि थोडा वेळ सोडलाच नाहीं.

आतां माझ्या मित्रांविषयीं दोन शब्द. आम्ही चौघे निवृत्त सायंकाळीं मुकुंदराजांच्या समाधीच्या वाटेनें फिरावयास जातों. प्रथम आमच्या बोलण्यांत तीनच विषय असत: महागाईभत्ता, साखरेची तपासणी आणि सुना. हळूहळू आम्हीं नियम केला, कीं जातांना हे विषय काढायचे नाहींत, परततांना काढावे. मग जातांना दासोपंतांच्या पासोडीची गोष्ट निघते. चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनीं पंचीकरण लिहून काढलें. ती पासोडी आमच्याच गांवांत आहे, आणि चौघांपैकीं दोघांनीं ती जन्मांत पाहिली नव्हती! आम्हीं ती मुद्दाम जाऊन पाहिली.

मित्र कशाला लागतात तें मला झाडांनीं शिकविलें. बोन्साय असलेल्या माणसाला उन्हाळ्यांत घर सोडतां येत नाहीं. एकदां मुलीकडे आठ दिवस जायचें होतें. भीड पडेल म्हणून मीं कोणाला सांगितलें नाहीं. झाडें सांवलींत ठेवून गेलों. परतलों तेव्हां एक वड आणि एक चिंच गेलेली होती. मित्रांना कळलें तेव्हां ते रागावले. "आम्ही मेलों होतों का?" एवढेंच एकजण म्हणाला. आतां आम्ही गांवाला जातों तेव्हां किल्ली त्यांच्याकडे असते. प्रत्येकाला मीं एकेक झाड दिलें आहे. ते गांवाला जातात तेव्हां त्यांचीं झाडें माझ्या गच्चीवर येतात.

आपल्यापैकीं ज्यांची निवृत्ति जवळ आली असेल त्यांना उपदेश करावा अशी माझी योग्यता नाहीं. पण मास्तरांच्या तोंडून उपदेश सुटतोच. निवृत्तिवेतनाचे कागद पुरे करतांना एक कागद घरींही करावा. आपली विश्रांति दुसऱ्या कोणाच्या कष्टांवर तर उभी नाहीं ना, तें त्यांत लिहावें. पत्नीला काय करावेंसें वाटतें तें विचारावें, आणि उत्तर ऐकून हंसूं नये. दोघांचे छंद एकच असावे असा हट्ट धरूं नये. मला फुगडी येत नाहीं, तिला तार गुंडाळण्याचा कंटाळा आहे. ती तिच्या चौकांत, मी माझ्या गच्चीवर. रात्रीं जेवतांना मात्र दोघांनाही सांगण्यासारखें कांहीं असतें. पूर्वीं आमच्या पानावर वरणाखेरीज बोलायला विषय नसे.

माठाच्या बुडांतला तो पिंपळ आतां दीड वीत उंच आहे. त्याचें खोड अंगठ्याहून जाड झालें आहे आणि चैत्रांत त्याला तांबूस पालवी फुटते. तारेचा वण खोडाच्या डाव्या बाजूला आहे. पाहुणे आले कीं मी कुंडी फिरवून ठेवीत असें. हल्लीं ठेवीत नाहीं.

श्रोतेहो, आज मंगळवार आहे. पत्नी साडेसातला चौकांतून येईल, आणि खिचडी अजून चुलीवर चढलेली नाहीं. तेव्हां आपली रजा घेतों. नमस्कार.